तीन मोजेपर्यंत

नव्या माणसाला धोका शिकवायचा कसा, या एकाच प्रश्नावर वृंदा नागवेकरनं तीन वर्षं काढली होती, आणि २०४१च्या मे महिन्यात तिला वाटलं, उत्तर सापडलं.

रत्नागिरीच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी, कोळंबी आणि म्हाकूल गोठवून परदेशी पाठवणारा एक कारखाना होता. वृंदा तिथली सुरक्षा अधिकारी. मासेमारीवरची बंदी उठली की ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चाळीसेक नवी माणसं कामावर यायची, बहुतेक आसपासच्या गावांतल्या विशी-बाविशीच्या मुली. त्यांच्यासाठी जुना कोर्स होता. दोन तास पडद्यावरची चित्रं, वीस मार्कांची परीक्षा, शेवटी सही. सगळ्या पास व्हायच्या. मग सराव म्हणून भोंगा वाजवला की सगळ्या आधी एकमेकींच्या तोंडाकडे बघायच्या. वृंदा घड्याळ धरून उभी असायची. पहिलं पाऊल उचलायला कधी सात सेकंद लागायचे, कधी बारा.

आणि तेवढी सवड अमोनिया देत नाही. कारखान्यातली सगळी थंडी अमोनियावर चालायची. नळ्यांतून तो फिरत असतो तोवर गरीब असतो. नळी फुटली की दमट हवेत त्याचं पांढरं धुकं होतं. ते ओलावा शोधतं, आणि माणसाच्या अंगात ओलावा असतो डोळ्यांत, घशात आणि फुप्फुसांत. त्यात नाकाची एक खोड. रोज थोडाथोडा वास येत राहिला की नाक त्याची दखल घेणंच सोडून देतं. म्हणजे ज्यांनी सगळ्यात आधी उठायचं, त्यांनाच सगळ्यात उशिरा कळतं.

पुण्याच्या एका संशोधन संस्थेतल्या डॉ. इंद्रायणी चौबळ यांचा शोध वृंदाच्या कानावर आला तो अशा वेळी. माणूस गाढ झोपला की मेंदू दिवसभरातल्या आठवणी पुन्हा चाळतो, काही टाकतो, काही पक्क्या करतो, हे जुनंच ज्ञान. त्याच वेळी नाकाशी एखादा वास नेला, तर त्या वासाशी जोडलेली आठवण मेंदू आधी उचलतो, हेही ठाऊक होतं. चौबळबाईंनी केलं ते इतकंच की हे काम करणारी एक हलकी टोपी बनवली. टोपी झोपेच्या लहरी ओळखायची आणि नेमक्या क्षणी नाकापाशी वासाची बारीकशी झुळूक सोडायची. अमोनियाचं प्रमाण दहा लाखांत पाच भाग, म्हणजे निरुपद्रवी. सकाळी माणसानं तोच वास घेत, डोळ्यांवर चष्मा चढवून त्यातल्या पडद्यावरच्या खोट्या गळतीतून पळायचा सराव करायचा आणि दुपारी जेवून दीड तास झोपायचं. तीन दिवसांत ते पळणं अंगात भिनायचं. पोळलेला हात आपण विचार करून मागे घेत नाही, तसं.

कारखान्यातल्या बायकांनी त्या टोपीचं नाव ठेवलं टोपरं.

वृंदा धरून सात जणांवर पहिली चाचणी झाली. चौथ्या दिवशी कोळंबी सोलाईच्या हॉलमध्ये, कुणालाही न सांगता, चौबळबाईंच्या माणसांनी वासाची एक झुळूक सोडली. नऊ सेकंदांत सहा जण बाहेर होते. कारखान्याचे मॅनेजर वामन केळुस्कर घड्याळाकडे बघत राहिले. एरवी ते फारसं बोलायचे नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी वृंदाला स्वतःच्या हातानं चहा ओतून दिला.

सातवी बाई मात्र नापास झाली. शेवंती पावसकर, वय बावन्न, सोलाईच्या टेबलांवरची मुकादम. तिला एकवीस सेकंद लागले. वयामुळे असेल, असं म्हणून वृंदानं तिचा कागद बाजूला ठेवला.

पुढच्या रविवारची गोष्ट. वृंदाच्या वडिलांना, अप्पांना, दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. रोज सकाळी पलंगापासून खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत त्यांना धरून चालवायचं, हे वृंदाचं काम. त्या दिवशी मावशी राहायला आली होती आणि शेजारच्या खोलीत केसांना लावायचा रंग कालवत होती. वृंदाचा उजवा हात अप्पांच्या कमरेभोवती होता. ते सावकाश एकेक पाऊल टाकत होते.

त्यानंतरचं वृंदाला आठवतं ते अंगणातल्या फाटकापासून. ती अनवाणी रस्त्यावर उभी होती, छाती धडधडत होती, आणि रस्त्यावरचा एक सायकलवाला तिच्याकडे वळून बघत होता.

ती धावत आत आली. अप्पा खिडकीचा गज डाव्या हातानं घट्ट धरून उभे होते. पाय थरथरत होते, पण ते पडले नव्हते. तिनं त्यांना खुर्चीत बसवलं. झटक्यापासून त्यांचं बोलणं जड झालं होतं.

"काय झालं गो?" त्यांनी विचारलं.

"मावशीच्या रंगात अमोनिया असतो, अप्पा. मला कळलंच नाही मी कधी गेले ते."

अप्पांनी तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे तुझा कोर्स चालतो."

त्यांनी ते हसत म्हटलं, पण वृंदाला हसता आलं नाही. आपण ज्या माणसाला धरून चालत होतो, त्याला आपल्या हातानं सोडलं, आणि सोडताना आत काहीही हललं नाही, हे तिला सहन होईना. तिनं अप्पांचे पाय चोळले आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेल्यागेल्या चाचणीचं चित्रण लावून बसली.

तिला बघायची होती ती शेवंती.

चित्रणात स्पष्ट दिसत होतं. वास सुटला तेव्हा सगळ्यात आधी मान उचलली ती शेवंतीनंच. इतरांच्या पूर्ण दोन सेकंद आधी. मग ती दाराकडे न जाता उजवीकडे वळली आणि तिथल्या बाईच्या दंडाला हात लावला. ती बाई तर आधीच पळत सुटली होती. मग डावीकडे वळली, तिथली जागाही रिकामी. मग तिनं खाली वाकून टेबलाखाली पाहिलं, आणि त्यानंतर कुठे ती दाराकडे निघाली.

दुपारच्या सुट्टीत वृंदा तिच्या शेजारी डबा घेऊन बसली.

"काकी, त्या दिवशी तू लगेच का नाही गेलीस?"

शेवंतीनं भाकरीचा तुकडा मोडला. "एकदा गेले होते ना लगेच."

"कधी?"

"अकरा वर्षं झाली. तू नव्हतीस तेव्हा. मागची जुनी नळी फुटली. मला वास आला आणि मी दारात. पहिली मीच. कुणी शिकवलं नव्हतं, टोपरं नव्हतं, काय नव्हतं. माझ्या बाजूला कुमुद शिवलकर उभी असायची. तिचा एक कान अधू. ती पाठमोरी होती, तिला काय कळलंच नाय. आणि मी बाहेरून बघते तर आत सगळं पांढरं." तिनं तुकडा तोंडात न घालता तसाच डब्यात ठेवला. "जगली ती. एक डोळा गेला. मी महिन्यातून दोनदा जाते तिच्याकडे. ती मला कधी बोलली नाय हो. एका शब्दानं नाय. बोलली असती तर बरं झालं असतं."

"आणि तेव्हापासून?"

"तेव्हापासून रोज कामाला उभी राहिले की दोन्ही बाजूंच्या बायांना हात लावते. काय गो, आलीस काय, जेवलीस काय, असं काहीतरी बोलते. त्यांना वाटतं काकी मायाळू आहे. मायाळू कसली. हाताला सवय लावली मी. मला माझाच भरवसा नव्हता."

वृंदा तिच्या हातांकडे बघत राहिली. बारीक चिरा पडलेले, पाण्यानं पांढुरके झालेले हात. तीन वर्षं आपण जगभरचे अहवाल वाचले, आणि कोर्स इथे दहा पावलांवर, या बाईनं कुणालाही न सांगता स्वतःसाठी बनवून ठेवला होता. रोज, अकरा वर्षं.

त्याच संध्याकाळी तिनं डॉ. चौबळ यांना फोन लावला.

"टोपरं, म्हणजे तुमची टोपी, माणसाला स्वार्थी बनवते का?"

"टोपी काहीच बनवत नाही," चौबळबाई म्हणाल्या. "तुम्ही सकाळी जे करून घेता, ते ती पक्कं करते. सरावात माणूस चष्मा लावून एकटाच पळत असेल, तर आठवणीत तो एकटाच असणार. मेंदूत शेजारी नावाची वस्तूच नाही, तर तो शेजाऱ्याला उचलणार कसा?"

"मग सरावच दोघींचा केला तर?"

"होईल. पण मग दुसरा धोका येतो, तो समजून घ्या. तुम्ही दोन माणसं एकमेकींना बांधून टाकाल. एक जण अशी अडकली की निघतच नाही, तर दुसरीही तिथून हलणार नाही. एका जिवाच्या जागी दोन जातील. त्यांना सोडायलाही शिकवावं लागेल. ते कसं शिकवायचं, मला माहीत नाही."

केळुस्करांनी मात्र ऐकूनच घेतलं नाही. तिचा नऊ दिवसांचा नवा आराखडा समोर ठेवून त्यांनी मुद्दा मांडला. "नागवेकर, नऊ सेकंदांत हॉल रिकामा होतोय. आणखी काय हवं? बेचाळीस माणसं एक ऑगस्टला लाइनीवर पाहिजेत. तीन दिवसांच्या कोर्सचे तुम्ही नऊ दिवस करायला सांगता."

"सर, हॉल रिकामा होतो, कारण चाचणीच्या दिवशी सगळे आपल्या पायांवर धड उभे होते."

"प्रत्येक जण स्वतःला वाचवेल, म्हणजे सगळेच वाचतील. हिशोब सरळ आहे."

वृंदाला वाद घालता येत नसे. तिनं एवढंच म्हटलं, "एकदा तुम्ही स्वतः त्या हॉलमध्ये या. टेबलाजवळ पडून राहा. चक्कर आलीय असं समजा. मग मी तीन दिवसांच्या कोर्सवर सही करते."

केळुस्कर तसे हट्टी होते, पण पळपुटे नव्हते. पांढरा अंगरखा आणि गमबूट चढवून ते दुसऱ्या दिवशी खरोखरच ओल्या फरशीवर आडवे झाले. चाचणीतले पाच जण टेबलांवर काम करत होते. शेवंतीला वृंदानं मुद्दाम बाहेर ठेवलं होतं, आणि स्वतः ती काचेमागे नाकाला मास्क लावून उभी होती. वास सुटला. केळुस्करांच्या डोळ्यांसमोरून गमबुटांच्या पाच जोड्या गेल्या. त्यातली एक त्यांच्या अंगावरून ओलांडून गेली. ती भांडारातल्या परशुरामची होती. हा माणूस गेली चौदा वर्षं त्यांच्याबरोबर काम करत होता, आणि त्यांच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला उभा राहिला होता.

आठ सेकंद. हॉल रिकामा झाला होता.

केळुस्कर उठून बसले. अंगरख्याचं पाणी निथळत होतं. दारात परशुराम उभा होता. त्याला आता भान आलं होतं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "साहेब, मी बघितलंच नाय तुम्हाला," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"तुझी चूक नाही," केळुस्कर म्हणाले. आणि वृंदाकडे वळून, "नऊ दिवस घ्या. माझी खुर्ची गेली तर बघू."

कोर्स बनवायला वृंदा आणि शेवंती जुलैभर बसल्या. चष्मे कपाटात गेले. सराव खऱ्या हॉलमध्ये, खऱ्या गमबुटांत, ओल्या फरशीवर. ऑगस्टमध्ये हा कोर्स नव्या मुलींनी केला, मग सप्टेंबरभर जुन्या बायकांनी आणि वृंदासकट पहिल्या चाचणीतल्या सगळ्यांनी. प्रत्येकीला एक जोडीदार. वास आला की आधी तिच्या दंडाला हात, मग तिचं नाव, मग दोघी दाराकडे. सकाळभर हेच, आणि दुपारी टोपरं घालून झोप. शेवंती झोपलेल्या मुलींच्या रांगेतून चादरी सारखी करत फिरायची.

सातव्या दिवशी सोडायचं कसं, ते आलं. त्याची रीत शेवंतीनं काढली. ती स्वतः फरशीवर पडून राहायची, ट्रॉलीच्या खाली पाय अडकवून, आणि अंग असं जड करायची की दोन पुरुषांनाही हलवता येऊ नये. समोरच्या मुलीनं तिला धरून ओढायचं आणि मोठ्यानं मोजायचं. एक, दोन, तीन. तीनला निघाली नाही तर हात सोडायचा, बाहेर जायचं आणि दारातून तिच्या नावानं हाक मारायची, म्हणजे श्वासाची नळकांडी पाठीला लावलेल्या बचावाच्या माणसांना कळेल की आत कोण आहे आणि कुठे आहे.

कागदावर ही चार ओळींची सूचना होती. करताना मुली रडकुंडीला आल्या. सायमा वस्ता नावाची एकोणीस वर्षांची मुलगी तर तीन मोजून झाले तरी हात सोडीना.

"सोड," जमिनीवरून शेवंती म्हणाली.

"नाही सुटत, काकी."

"तू इथे बसलीस तर मी इथे आहे हे बाहेर कुणाला कळणार? सोडून जातेस ती माझ्यासाठीच जातेस. जा आणि हाक मार."

सायमानं नवव्या खेपेला हात सोडला. दारात जाऊन तिनं शेवंतीच्या नावानं मारलेली हाक पलीकडच्या बर्फाच्या गोदामापर्यंत गेली.

ऑक्टोबरच्या तेवीस तारखेला सकाळी अकराच्या सुमारास थंड खोलीच्या बाजूची एक नळी सांध्यात चिरली. भोंगा वाजायला सहा सेकंद लागले. तोवर हॉलमधल्या शंभरावर बायका निम्म्या वाटेत होत्या. वृंदा ऑफिसातून धावत बाहेर आली तेव्हा तिला जे दिसलं ते ती कधी विसरली नाही. कुठे रेटारेटी नाही, किंकाळ्या नाहीत. दाराबाहेर दोघी दोघी येत होत्या, एकमेकींचे दंड धरून, आणि सगळीकडून नावं ऐकू येत होती. एका जुन्या बाईला दम लागला होता, तिला तिच्या जोडीदारणीनं अक्षरशः काखेत धरून आणलं होतं. एकतिसाव्या सेकंदाला हॉलच्या दारातून शेवंती आली, दोन्ही हातांना एकेक बाई.

पण थंड खोलीच्या दारात सायमा एकटी होती. खोकत, डोळे मिटून, ती ओरडत होती, "प्रणिता. प्रणिता गोताड. डाव्या भिंतीला, ट्रॉलीखाली." तिच्या मागे सगळं पांढरं होतं. वृंदानं तिला मागे ओढायचा प्रयत्न केला, तर तिनं चौकट धरून ठेवली आणि तोंडावर ओला रुमाल दाबून पुन्हा पुन्हा तेच नाव घेत राहिली. बचावाची दोन माणसं मुखवटे चढवून तिच्याजवळून आत शिरली आणि मिनिटाभरात प्रणिताला घेऊन बाहेर आली.

प्रणिताच्या डोळ्यांना पट्ट्या बांधल्या होत्या, घसा भाजल्यासारखा झाला होता, पण डॉक्टर म्हणाले, दृष्टी राहील. सायमा मात्र दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिची आई तिला घेऊन वृंदाकडे आली. मुलगी जेवत नाही, म्हणाली.

"मी तिला ओढलं, मॅडम," सायमा खाली बघत म्हणाली. "तीन मोजले आणि सोडलं. तुम्ही शिकवलं तसंच केलं. पण हात सोडला तेव्हा तिनं माझी बाही धरली होती. ती मी झटकली."

वृंदा उठली आणि सायमाला घेऊन सरकारी दवाखान्यात, प्रणिताकडे गेली.

प्रणिता उशीला टेकून बसली होती. पावलांची चाहूल लागताच तिनं मान वळवली.

"कोण?"

"मी," सायमा दारातच थांबून म्हणाली.

"ये की जवळ." प्रणिताचा आवाज घोगरा येत होता, प्रत्येक शब्दाला त्रास होत होता. "किती ओरडलीस गो तू. घसा बसला नाय काय तुझा?"

सायमा पलंगाशी गेली.

"तू गेलीस ना, तेव्हा मला वाटलं संपलं," प्रणिता म्हणाली. "डोळे उघडेनात. भिंत कुठे, दार कुठे, काय कळेना. मग तुझी हाक आली. मी म्हटलं, दार तिथे आहे. बुटातून पाय उपसला, बूट राहिला तिथेच, आणि हाकेच्या बाजूला सरपटत निघाले. मध्ये एकदा तू थांबलीस. खोकत असशील. तेव्हा मी चुकले, ट्रॉलीवर डोकं आपटलं. मग परत हाक आली. त्या माणसांनी मला धरलं तेव्हा मी दारापासून पाच पावलांवर होते. ते आले नसते तरी मी आले असते."

सायमानं तिचा हात हातात घेतला आणि मग ती रडली, तीन दिवसांचं सगळं एकदम. प्रणिता पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी तिच्या दिशेला तोंड करून बसून राहिली. वृंदा व्हरांड्यात आली.

जानेवारीत आणखी काही नवी माणसं यायची होती. वृंदानं कोर्सची फाइल उघडली आणि सातव्या दिवसाचं पान काढलं. तिथे लिहिलेलं होतं, ‘दारातून जोडीदाराच्या नावानं हाक मारावी.’ हाक मारणं म्हणजे बचावाच्या माणसांना दिलेली माहिती, असंच ती आणि शेवंती धरून चालल्या होत्या. आत असलेल्या माणसाला ती ऐकू येते, हे दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं.

तिनं ती ओळ खोडून खाली नवी लिहिली. ‘जोडीदार बाहेर येईपर्यंत हाक मारत राहावी. खोकला आला तर शेजारणीनं तेच नाव पुढे घ्यावं. हाक मध्ये तुटू देऊ नये.’

मग कोर्स बनवणाऱ्यांच्या नावांच्या यादीत, वृंदा नागवेकर आणि शेवंती पावसकर यांच्या खाली, तिनं सायमा आणि प्रणिता ही आणखी दोन नावं घातली आणि फाइल केळुस्करांच्या सहीला पाठवून दिली.